पणजीच्या जागी गंगा

समोरच्या घराच्या भिंतीवर मुलींनी शेणाची संजा काढली आहे. सूर्य, चंद्र आणि एक शिडी. शिडीच्या पायऱ्या वर जाता जाता एकमेकींत मिसळून गेल्यात. वर तेरड्याच्या पाकळ्या आणि चॉकलेटच्या कागदाची चमकी. माळव्यात पितृपक्ष कॅलेंडरात पाहावा लागत नाही, भिंती सांगतात. उरलं ते सोयाबीन सांगतं. देवासच्या बाहेर पडलं की दोन्ही बाजूंची शेतं पिवळी पडून पानं गाळत असतात, आणि वारा सुटला की वाळक्या शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजतात. चहाच्या गाड्यावर जो तो दुसऱ्याला विचारतो, "भिया, कटई गी कंई?" म्हणजे कापणी झाली का, आणि दोघंही आभाळाकडे बघतात.

मेलेल्यांना जेवायला बोलवायचे दिवस आणि पीक घरात यायचे दिवस एकच. हे कुणा ऋषीने ठरवलं असेल असं मला वाटत नाही. शेतकऱ्याकडे बाकी वर्षभर पाहुण्याला वाढायला काही नसायचं, इतकंच असावं.

मागच्या भादव्यात नाना जाऊन दीड वर्ष झालं होतं. नाना म्हणजे माझे वडील. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. इस्त्रीचा सदरा, अक्षर छापल्यासारखं, बोलणं मोजून-मापून. वर्षश्राद्ध उरकलं होतं, चष्मा कपाटात गेला होता, पेन्शनच्या कागदांवर सह्या झाल्या होत्या. मला काही वाटत नव्हतं. हे मी नोंद म्हणून सांगतो, कबुली म्हणून नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात, मग तो गाल आपला राहत नाही. टिचकी मारून पाहावं तर आवाज येतो, बाकी काही येत नाही. तसं. नातेवाईक म्हणाले, धीराचा आहे हो. धीर कसला? सुई उतरली नव्हती.

तर्पणाची यादी तीन पिढ्यांची असते. नाना होते तेव्हा ते पाणी देणारे होते. गेले आणि यादीत पहिल्या जागी आले. आजोबा दुसऱ्या जागी सरकले, पणजोबा तिसऱ्या, आणि तिसऱ्या जागी जे कुणी होते ते यादीतून बाहेर पडले. सरकारी नोकरीत इतक्या बिनबोभाट बढत्या आणि निवृत्त्या मी पाहिलेल्या नाहीत. त्या बाहेर पडलेल्या माणसाचं नाव मी लहानपणापासून दर वर्षी नानांच्या तोंडून ऐकत आलो होतो. आता ते पृथ्वीवर कुणीच घेणार नव्हतं. याचंही मला काही वाटलं नाही.

त्याच पंधरवड्याच्या तोंडावर आमच्या इथल्या मराठी मंडळाला वंशावळींची स्मरणिका काढायची हुक्की आली. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेलो, म्हणजे माणूस रिकामा आणि धूळ खायची सवय असलेला. काम माझ्याकडे आलं. मुखपृष्ठ आधीच तयार होतं: ढाल, दोन तलवारी आणि दोन सिंह, ज्यांतला एक जरा मांजरासारखा दिसत होता. घराघरांतून कागद आले. कुणाचे पूर्वज सरदार, कुणाचे शिलेदार, एका घराचे तर प्रत्यक्ष स्वारीत निशाणाच्या शेजारी. घोडा प्रत्येकाकडे होता. एवढ्या घोड्यांना गवत कोण कापून घालत होतं, हे मात्र एकाही कागदावर नव्हतं. आमच्याही घरात हेच सांगत: आपण लष्कराबरोबर आलो. आजोबा सांगायचे. नाना त्यावर काही बोलायचे नाहीत, आणि मी त्यांचं न बोलणं संमती समजत होतो.

जेवणाच्या टेबलावर चौदा घरांचे कागद पसरून बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. अकरा घरांत पणजीचं नाव गंगाबाई होतं. पहिल्या तीन वेळा योगायोग वाटला, पाचव्या वेळी फॅशन वाटली. आठव्या गंगाबाईला मी गुरुजींना फोन लावला. गुरुजी तरुण आहेत, श्राद्धाच्या वेळा मोबाइलवर देतात.

"काका, लोकांना बायकांची नावं कुठं ठाऊक असतात?" ते म्हणाले. "तिथे अडलं की आम्ही गंगा म्हणतो. आमच्या आजोबांपासून चालत आलंय. पवित्र नाव आहे, हरकत कोण घेणार?"

हरकत कुणी घेतली नाही. उलट दर वर्षी ऐकून ऐकून घरोघरच्या लोकांनी तीच आपली पणजी मानली, आणि कागद भरायची वेळ आली तेव्हा विश्वासाने लिहून दिली. एका घराने तर गंगाबाईंच्या स्मरणार्थ मंडळाच्या हॉलला पंखा दिला होता. नाव तिन्ही पात्यांवर. पंखा सुरू असला की वाचता येत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आमच्या कागदावरही गंगाबाईच होती. मी ही गंमत धार गावी आत्याबाईंना फोनवर सांगितली.

आत्याबाई म्हणजे नानांची थोरली बहीण, तेव्हा सत्त्याऐंशीची. मुलगा पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात आहे. ऐकू चांगलं येतं, दिसतं सोयीपुरतं. तिची आई, म्हणजे माझी आजी, एकदा लांबलेलं दुखणं काढून उठत होती, तेव्हा पाच वर्षांच्या आत्याबाईला ज्वारीच्या एका हंगामात बागलीकडच्या शेतावर तिच्या आजीपाशी, म्हणजे माझ्या पणजीपाशी ठेवलं होतं. माझ्या पणजीला पाहिलेलं जगातलं ते एकच माणूस उरलं होतं. शेत कुठलं, गाव कुठलं, हे पुढे कुणी काढलं नाही. आजोबा देवासला दरबारच्या कचेरीत लागले आणि शेत आमच्या बोलण्यातून निघून गेलं.

फोनवर ती हसली नाही.

"म्हणजे इतकी वर्षं पाणी कुणाला गेलं?"

"पाणी ताम्हनात जातं, आत्याबाई. तिथून तुळशीत."

"शहाणपणा करू नकोस. माझ्या बापाने दिलं, तुझ्या बापाने दिलं. ती तिकडे ओंजळ धरून बसली असेल, आणि हे दुसरीच्या नावाने ओततायत."

"तुम्हाला नाव नाही का आठवत?"

"मी माय म्हणायची. पाच वर्षांची पोर आजीला नाव विचारते का रे?" मग म्हणाली, "मी मरायच्या आत एकदा तिच्या नावाने पाणी पडलं पाहिजे. ह्याच सर्वपित्रीला. पुढच्या वर्षाचं मला सांगू नकोस. पुढचं वर्ष तुमच्यासारख्यांना असतं."

आजोबांना स्वतःच्या आईचं नाव माहीत नसेल, हे मला आधी पटलं नाही. मग मोजून पाहिलं. नवरा नाव घेत नव्हता. सासूसासरे घेत नव्हते. मुलं माय म्हणत होती. नाव घेणारी माणसं माहेरी होती, आणि माहेर बैलगाडीच्या अंतरावर. किंवा आजोबांना माहीत असेलही, आणि देवासच्या भटजींसमोर ते गावठी नाव उच्चारायला जड गेलं असेल. कचेरीतल्या माणसाची आई. दोन्हींतलं काय खरं, हे सांगणारं कुणी नाही. माझ्याकडे बारा दिवस होते आणि भरपूर बधिरता होती. शोधाला ती बरी असते, हात कापत नाही.

रेकॉर्ड रूममधल्या बाबूने दोन दिवस चहा पाजला, तिसऱ्या दिवशी बस्ता काढला. जुन्या खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीची नक्कल, कडा उंदरांनी गोल केलेल्या. तुकाजी, जात मराठा, पेशा काश्तकारी, म्हणजे शेत कसणं. माझे पणजोबा. खाली दोन मुलगे, एक माझे आजोबा आणि दुसरे खंडू. घोडा नाही, निशाण नाही, दोन बैल आणि एक कच्ची विहीर आहे. पुढच्या एका नोंदीत तुकाजी नाहीत, त्यांच्या ओळीत पणजी आहे. मी भिंग लावून वाचलं. तिथे लिहिलं होतं: बेवा तुकाजी. तुकाजीची विधवा. जमीन तिच्याकडे काही वर्षं होती, नाव तेव्हाही नव्हतं.

मंडळाच्या अध्यक्षांना काश्तकार शब्द दाखवला. ते म्हणाले, "जमीनदार लिहा ना. अर्थ तोच."

"अर्थ उलटा आहे."

"मग वतनदार लिहा. सिंहाखाली काश्तकार बरं दिसत नाही, भिया."

खंडूचा धागा पुढे संगणकावर सापडला. हल्लीच्या नोंदीत आडनाव गळून गेलेलं, पण 'दिनेश पिता रामसिंह पिता खंडूजी' एवढं पुरेसं होतं. पंधरवड्यातल्या रविवारी आत्याबाईच्या मुलाने गाडी काढली, धारहून तिला घेऊन आला, मला देवासला उचललं आणि आम्ही बागलीच्या रस्त्याला लागलो. आत्याबाई खिडकीशी. सोयाबीन बघून म्हणाली, "हे काय गुडघ्याएवढं पीक! आमच्या वेळी ज्वारीत माणूस दिसायचा नाही. माय आत शिरली की नुसता हात दिसायचा, विळा धरलेला. हात पुढे गेला की मी धावायची." आणखी थोड्या वेळाने, कुणी न विचारता, "तिच्या लुगड्याला धुराचा वास यायचा." बस्स. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांत उरलं ते हात आणि धूर. माझ्याकडे नानांचं एवढं तरी आहे का, असा विचार आला आणि तो पुढे गेला नाही. बधिर तोंडात घास फिरावा आणि चव लागू नये तसा.

गावात दिनेशचं घर सापडायला वेळ लागला नाही. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या, अंगावर भुशाची धूळ. थ्रेशर बंद करून आला. मी आमचं नातं सांगितलं, त्याचे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ. तो सगळं ऐकून आत गेला आणि पाण्याच्या आधी पावती घेऊन आला. पावती म्हणजे इकडे जमिनीचं पुस्तक.

"देखी लो भिया," तो म्हणाला, "सगळो म्हारा नाम पे चढ़ी ग्यो. बीस साल हुई ग्या."

"मला जमीन नको आहे. एक नाव हवंय."

"वोज तो के रियो हूं. नाम चढ़वाने आया हो."

मी देवासच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. वंशवृक्ष, पितृपक्ष, तर्पण असं काहीबाही हिंदीत समजावू लागलो, आणि जसजसा समजावत गेलो तसतसा मी तिथे वकिलासारखा दिसू लागलो. दिनेशने पावती काखेत धरली. आणि मग आत्याबाईने मला बाजूला सारलं. ती उंबऱ्यावर बसली आणि मालवी बोलायला लागली. मी साठ वर्षांत तिच्या तोंडून मालवी ऐकली नव्हती. आमच्या घरात ती भाषा मोलकरणीशी बोलायची असे. ही तर पाच वर्षांच्या पोरीची मालवी होती, तशीच ठेवून दिलेली.

"हूं अठे रई थी, बेटा. ज्वार का टेम पे. म्हारी माय का पास. थारा बाप को बाप म्हने खांदा पे बेठाड़तो थो, खंडू काको. अठे आमली थी, वा कां गी?"

"आमली तो बिजली वाला ने काटी," दिनेश म्हणाला, आणि त्या चिंचेच्या आठवणीवर त्याने पावती खाली ठेवली.

आतून त्याची आई आली. धापूबाई, ऐंशीच्या आसपास, पदर कपाळापर्यंत. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या, बाजारात गाय पारखावी तशा. मग धापूबाईने आत्याबाईचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. आत्याबाईने विचारलं, माझ्या मायचं नाव काय होतं?

"नाम?" धापूबाई म्हणाली. "लुगायां को नाम कुण ले? वी तो कन्नौदवाली था."

इकडे बायकांचं नाव कुणी घेत नाही, सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. कन्नौदहून आली ती कन्नौदवाली. धापूबाईने तिला पाहिलं नव्हतं. सासूने शिकवलं होतं, म्हणजे खंडूच्या बायकोने. श्राद्धात गोवरीचा निखारा करायचा, त्यावर तूप-गूळ आणि खिरीचा घास घालून धूप द्यायचा, आणि एकेकाला हाक मारायची. म्हणून दाखवा, म्हटल्यावर तिने डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसं म्हणाली: "तुकाजी बा, आओ, जीमो. कन्नौदवाली माँ, आओ, जीमो. खंडूजी बा, आओ, जीमो. देवासवाला बा, आओ, जीमो."

"देवासवाला कोण?" मी विचारलं.

"खंडूजी बा का मोटा भई," ती म्हणाली. "कागद-पत्तर वाला. म्हारी सासू ने कियो थो, वी आवे नी आवे, आपण तो बुलावां."

म्हणजे माझे आजोबा. ज्यांनी ह्या घराचं नाव आमच्यासमोर कधी काढलं नाही, त्यांना हे घर दर वर्षी जेवायला बोलवत होतं. आम्ही तिकडे घोड्यावर बसून होतो.

परतताना दिनेशने गाडीत सोयाबीनचं आणि लसणाचं एकेक गाठोडं टाकलं. आत्याबाई समाधानी नव्हती. "नाव नाहीच मिळालं," मी म्हटलं. बागली मागे पडली. मग ती म्हणाली, "कन्नौदवाली म्हटलं की ती वळून बघायची. मला आठवतंय ना! शेतातून कुणी तरी हाक मारायचं आणि हात थांबायचा. ती ज्याला ओ देते ते तिचं नाव. तू तेच म्हण."

सर्वपित्रीला ती पुन्हा धारहून आली. पाटाशेजारी खुर्ची टाकून, काठी मांडीवर आडवी ठेवून बसली, परीक्षेतल्या सुपरवायझरसारखी. नाना, आजोबा, पणजोबा झाले. आई, आजी झाल्या. गुरुजी सवयीने "गंगा" म्हणाले आणि काठी जमिनीवर वाजली.

"कन्नौदवाली," मी म्हटलं.

"काका, हे नाव नाही, पत्ता आहे."

"पत्त्यावर पाणी पोचतं, गुरुजी. नावावर पोचत नाही, हे आपण आजवर पाहिलंच," आत्याबाई म्हणाली.

गुरुजी हुशार आहेत. पुढची घरं खोळंबली होती. ते म्हणाले, "कन्नौदवाली," मी म्हणालो, आणि अंगठ्याशेजारून पाणी ताम्हनात पडलं. इतर पाण्यासारखंच पडलं. मी आत्याबाईकडे पाहिलं. ती ताम्हनात बघत होती, एखाद्या विहिरीत बघावं तशी, आणि तिचे ओठ हलत होते. मला हेवा वाटला. दीड वर्षात वाटलेली ती पहिली गोष्ट.

स्मरणिका दिवाळीत निघाली. आमच्या पानावर मी कन्नौदवाली लिहून दिलं होतं. अध्यक्षांनी ते सुधारून 'कै. गंगाबाई, कन्नौदच्या घराण्यातील' असं केलं. त्यांचा स्वभाव मदत करण्याचा आहे.

आज दुपारी दिनेशचा फोन आला. सोयाबीन निघालं, पाऊस थांबलाय, असं सगळं झाल्यावर म्हणाला, "बाई बात करेगी," आणि धापूबाईच्या हातात फोन दिला. ती फोनवर ओरडून बोलते, मधलं अंतर स्वतःच्याच आवाजाने कापायचं असल्यासारखी. तिला माझ्या वडिलांचं नाव हवं होतं. देवासवाला बाच्या मागे आता त्यांनाही धूपाला बोलवायचं, म्हणाली. मागच्या वर्षी विचारायचं राहिलं.

मी नानांचं नाव सांगितलं, पूर्ण, छापल्यासारखं.

"यो तो इसकूल को नाम हे," ती म्हणाली. "घर में कंई केता था?"

"नाना."

"वो तो थें केता था. टाबरा केवे वा हाक नी. जिणे मोटा कर्‌या, वी कंई केता था?"

पोरांनी मारलेली हाक चालत नाही, ज्यांनी त्यांना लहानाचं मोठं केलं ते काय म्हणायचे? मी एकेक हाक आठवून पाहिली. आई त्यांना अहो म्हणे. गावात ते माटसाब, म्हणजे मास्तरसाहेब होते. शाळेत सर, कागदावर पूर्ण नाव, ताम्हनात पहिलं नाव. माझ्याकडे तुकाजीचा खसरा आहे, बेवा तुकाजीची नोंद आहे, कच्ची विहीरसुद्धा आहे. नानांना कुणी जेवायला काय म्हणून बोलवायचं, ते माझ्याकडे नव्हतं. साठ वर्षं एका घरात राहून मी ते कधी विचारलं नव्हतं.

"विचारून सांगतो," मी म्हटलं, आणि धारला फोन लावला. बराच वेळ वाजला. झोपली असेल, असं म्हणत होतो. बाकीचं म्हणत नव्हतो.

"काय रे, कोण गेलं?" आत्याबाई म्हणाली.

"कुणी नाही. आत्याबाई, नानांना लहानपणी घरात काय म्हणायचे?"

"आता कशाला ते?"

"धापूबाईला धूपाला हवंय."

तिने मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग तिने नाव सांगितलं नाही, हाक मारली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या छातीत होता नव्हता तेवढा दम लावून, बोळाच्या टोकाला खेळणाऱ्या धाकट्या भावाला ताट वाढलंय म्हणून बोलवावं तशी.

"गुंडूऽऽ! ए गुंडूऽऽ!"

इस्त्रीचा सदरा, हेडमास्तर, गुंडू. मला हसू यायला हवं होतं. मी फोन कानाशी धरून उभा होतो. तिकडे आत्याबाई हाक मारून थांबली होती, ओ यायची वाट बघत.